आधीं ऐकावें, मग बोलावें

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें आम्हां तिघां भावंडांस आज्ञा केली कीं, आपल्या धर्मग्रामांत होऊन गेलेल्या वडील मंडळींपैकीं आमच्या वडिलांविषयीं या सभेंत चार शब्द बोलावे. आम्हीं प्रथम नकारच दिला. ज्या धर्मगुरूंनीं येथें आयुष्य वेंचलें, ज्या भगिनींनीं मुलांना शिकविलें व आजाऱ्यांची सेवा केली, त्यांच्या पंक्तीला तारखात्यांतील एका साध्या नोकराचें नांव कसें शोभावें, असें आम्हांस वाटलें. शिवाय मुलांनीं आपल्याच बापाची स्तुति लोकांपुढें गावी, हेंहि बरें दिसत नाहीं. परंतु समितीनें आग्रह सोडला नाहीं. तेव्हां आम्ही एका अटीवर कबूल झालों. ती अट अशी कीं, स्तुति करावयाची नाहीं. जें घडलें तें सांगावयाचें, आणि त्यांत आमची जी चूक झाली तीहि लपवावयाची नाहीं. खरें म्हणजे ती चूक सांगण्यासाठींच आम्ही येथें उभे आहों.

आमचे बाबा मूळचे नगर जिल्ह्यांतले. मिशनच्या शाळेंत शिकून तरुण वयांत ते पुण्यास आले आणि तारखात्यांत लागले. त्या काळीं तार म्हणजे मोर्सची लिपी. एका टोकास कळ दाबावयाची, दुसऱ्या टोकास तिचें कट्ट-कडकट्ट ऐकून अक्षरें लिहून काढावयाचीं. थोडा वेळ दाबलें तर टिंब, तिप्पट वेळ दाबलें तर रेघ. या दोहोंच्या जुळणीनें सगळी वर्णमाला होते. बाबांचा कान या कामांत इतका तयार झाला होता कीं, पलीकडे कळेवर कोणाचा हात आहे हें ते नुसत्या ठेक्यावरून ओळखीत. पुढें खात्यांत टेलिप्रिंटर आले, आणि मोर्सची कळ हळूहळू कोपऱ्यांत जाऊन पडली. बाबांना याचें दुःख झालें. ते म्हणत, "यंत्र अक्षर पोंचवितें, माणसाचा हात पोंचवीत नाहीं."

याच सुमारास त्यांना कळलें कीं, सरकारी परीक्षा उतरून परवाना मिळविला तर साध्या नागरिकासहि आपल्या घरीं बिनतारी केंद्र ठेवतां येतें, आणि जगांतील तशाच हौशी मंडळींशीं बोलतां येतें. या मंडळींस 'हॅम' असें म्हणतात. यांत पैशाचा व्यवहार नाहीं, व्यापार नाहीं, राजकारण बोलावयाचें नाहीं. ही हौस आपल्या देशांत जुनी आहे. १९२१ च्या सुमारास कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनीं ती आरंभिली. १९३९ सालीं महायुद्ध पेटतांच सरकारनें हीं सर्व केंद्रें बंद करविलीं. युद्ध संपल्यावर पुनः परवाने मिळूं लागले, आणि १९४८ सालीं महू येथें लष्कराच्या सिग्नल विद्यालयांत या हौशी लोकांचा अखिल भारतीय संघ स्थापन झाला. परीक्षेंत यंत्राचें ज्ञान, कायद्याचें ज्ञान आणि मोर्स अशा तीन गोष्टी विचारीत. पहिल्या पायरीच्या परवान्यास मिनिटाला पांच शब्द घेतां-देतां आले म्हणजे पुरे होई. बाबांना तें म्हणजे चालत्या माणसास रांगावयास सांगण्यासारखें होतें. भारताच्या वाट्यास 'व्ही. यू.' हीं आद्याक्षरें आलेलीं आहेत. त्या अक्षरांनीं सुरू होणारें संकेतनाम ज्या दिवशीं बाबांना मिळालें, त्या दिवशीं त्यांनीं आईकडून शिरा करविला आणि सगळ्या वाड्यास वाटला, हें आम्हांस चांगलें आठवतें.

आम्ही तेव्हां बुधवार पेठेंत एका जुन्या वाड्यांत भाड्यानें राहत असूं. वाड्यांत ख्रिस्ती बिऱ्हाड आमचें एकटेंच. परंतु बाबांमुळें तें कधीं परकें राहिलें नाहीं. माडीवरची एक अंधारी खोली घरमालकांनीं त्यांना या कामासाठीं दिली. वाड्याच्या एका कौलारू टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत तांब्याची तार ताणली. ती मोजून सहासष्ट फूट लांब होती. आम्हीं विचारलें, सहासष्टच कां? बाबा म्हणाले, आपण ज्या लहरींवर बोलणार त्या चाळीस मीटर लांबीच्या. तारेची लांबी त्याच्या निम्मी पाहिजे, म्हणजे ती लहर तिच्यांत नीट बसते. मग ते आकाशाविषयीं सांगत. आपल्या डोक्यावर फार उंच विरळ हवेचा एक थर आहे. सूर्याच्या तेजानें तो विद्युन्मय होतो. या लहरी त्याच्यावर आपटून परत भूमीवर येतात. दिवसां त्या कांहींशे किलोमीटरांवर उतरतात, आणि रात्रीं हजारों किलोमीटर दूर जातात. म्हणून बाबांची दिवसाची गोष्ट हैदराबाद-मुंबईची असे, आणि मध्यरात्रीची गोष्ट रशिया-जपानची असे.

यंत्रें विकत घेण्याची ऐपत नव्हती. परंतु देवानें आम्हांस बुधवार पेठ दिली होती. पुण्याबाहेरच्या कोणास बुधवार पेठ म्हटलें म्हणजे दगडूशेठ हलवाई यांचा गणपति, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौकांतील पुस्तकांचीं दुकानें आठवतील; कोणी नांव घेतांना संकोचेलहि. पण पासोड्या विठोबाच्या देवळाजवळची जी विजेच्या व बिनतारी सामानाची बाजारपेठ आहे, ती ज्यांनीं पाहिली आहे त्यांना आमचें म्हणणें कळेल. लहान लहान गाळे, आणि त्यांत टांचणीएवढ्या वस्तूंचे डबेच डबे. रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स, कंडेन्सर, तांब्याच्या तारेचीं रिळें, जुने व्हॉल्व्ह. दर रविवारीं सकाळीं आम्ही सर्व लक्ष्मी रस्त्यानें चालत नाना पेठेंत, सवाई माधवरावांच्या काळीं, १७९२ सालीं उभ्या राहिलेल्या आपल्या देवळांत मिस्सेस येत असूं. आणि तेथूनच बाबा, दोघां मुलांना घेऊन, मंगळवार पेठेंतील जुन्या बाजारांत जात. लष्करानें मोडींत काढलेलें सामान तेथें येई. गंजलेल्या पेटींतून एखादा धड भाग हातीं लागला कीं त्यांचा चेहरा उजळे. उरलेलें सामान मग आठवड्यांत कामावरून येतांना पासोड्या विठोबापाशीं घेत. दुकानदार त्यांना उधार देत; परंतु तें उधार पगाराच्या दिवशीं घरीं येण्यापूर्वीं फेडलेलें असे. आईची त्यावरची टीका आम्ही येथें सांगत नाहीं.

अशा रीतीनें जोडून-जोडून त्यांनीं ग्राहकयंत्र केलें, मग प्रेषकयंत्र केलें. आणि खरोखर एके रात्रीं, आम्ही तिघें जिन्यावर पांघरूण घेऊन बसलों असतां, त्या खोलींतून परक्या देशाच्या माणसाचें उत्तर आलें. पुढें दोन महिन्यांनीं त्याचें कार्डहि टपालानें आलें. हौशी मंडळींत असा रिवाज आहे कीं, बोलणें झाल्याची खूण म्हणून एकमेकांस छापील कार्ड पाठवावयाचें. तीं कार्डें बाबा भिंतीवर लावीत. आम्हांस भूगोल त्या भिंतीनेंच शिकविला.

आतां त्यांच्या शिकवणीविषयीं. या विद्येंत पहिला नियम असा आहे कीं, कळेला हात लावण्यापूर्वीं ऐकावयाचें. त्या लहरीवर दुसरें कोणी बोलत आहे काय, याचा कानोसा घ्यावयाचा. मग 'ही जागा मोकळी आहे काय' असें विचारावयाचें. उत्तर न आल्यास पुनः विचारावयाचें. आणि मगच आपलें नांव सांगावयाचें. दोघे एकदम बोलूं लागले तर ज्याचा आवाज क्षीण त्याला आधीं बोलूं द्यावयाचें, कारण बलवानाचें केव्हांहि ऐकूं येईल. आणि कोणीं संकटाची हांक दिली तर सर्वांनीं गप्प बसावयाचें. बाबा हे नियम नुसते यंत्रापुरते पाळीत नसत. वाड्यांत भांडण झालें तर दोन्ही बाजू त्यांच्याकडे येत. ते दोघांचेंहि शेवटपर्यंत ऐकत, आणि पुष्कळदां त्यांना निवाडा द्यावाच लागत नसे. पुढें वाड्यांत दूरदर्शन आलें, आणि बाबांनीं कळ दाबली कीं शेजाऱ्यांच्या पडद्यावर आडव्या रेघा उमटूं लागल्या. रविवारीं संध्याकाळीं चित्रपट असे. शेजारच्या काकू तक्रार घेऊन माडी चढून आल्या. त्यांचें बोलणें पुरें झाल्यावर बाबा एवढेंच म्हणाले, "काकू, चित्रपट संपेपर्यंत माझें मौन." तें मौन त्यांनीं वर्षानुवर्षें पाळलें.

एक प्रसंग आम्हां भावंडांतील थोरल्याचा आहे. तो बारा वर्षांचा असतां, बाबा पाणी पिण्यास खालीं गेलेले पाहून त्यानें कळेवर हात ठेवला आणि बाबांच्या संकेतनामानें हांक दिली. ऐकलें नाहीं, विचारलें नाहीं. बाबा वर आले तेव्हां ठेक्यावरूनच त्यांना सर्व कळलें होतें. त्यांनीं मारलें नाहीं. समोरची वही ओढली, आणि नियमाप्रमाणें जींत प्रत्येक बोलण्याची वेळ व लहर लिहावी लागते त्या वहींत, 'परवाना नसलेल्या हातानें हांक दिली; दोष माझा' असें लिहिलें. दुसऱ्या दिवशीं तीच गोष्ट पत्रानें वर कळविली. उत्तर कांहींच आलें नाहीं. आई म्हणाली, "कोणाला कळलें असतें?" बाबा म्हणाले, "मला कळलें होतें." थोरल्यानें त्यानंतर चार वर्षें त्या खोलींत पाऊल टाकलें नाहीं. हें बाबांच्या कडकपणाचें फळ म्हणावयाचें कीं थोरल्याच्या मानीपणाचें, यावर आमच्यांत आजहि एकमत नाहीं.

दुसऱ्यांच्या मुलांना मात्र ते मोकळेपणानें शिकवीत. आपल्या धर्मग्रामांतील दहा-बारा मुलें शनिवारीं संध्याकाळीं त्या माडीवर येत. डाख कसा द्यावा, तार कशी सोलावी, विजेपासून जीव कसा संभाळावा, एक हात नेहमीं खिशांत कां ठेवावा, हें सर्व बाबा त्यांना दाखवीत. त्यांतील एक पुढें जहाजावर बिनतारी अधिकारी झाला. दोघांनीं दुरुस्तीचीं दुकानें काढलीं. देवळांतील ध्वनिवर्धक बिघडला कीं तीं मुलें बाबांबरोबर येत. आज सभेंत जे साठीचे गृहस्थ मागच्या बांकावर बसून हंसत आहेत, त्यांचीं बोटें तेथेंच भाजलीं होतीं.

त्या मुलांना ते सांगत कीं, आपल्या धर्मांत व या विद्येंत वैर नाहीं. त्यांच्या भिंतीवर संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचें चित्र होतें. हे पोलंडचे फ्रान्सिस्कन धर्मगुरु. त्यांनीं आपल्या मठांत १९३८ सालीं नभोवाणी केंद्र सुरू केलें. एस्. पी. ३ आर्. एन्. हें त्यांचें संकेतनाम हौशी मंडळींत प्रसिद्ध आहे. आउश्वित्सच्या छळछावणींत एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागीं त्यांनीं आपण होऊन मरण पत्करलें. १४ ऑगस्ट १९४१ रोजीं त्यांचा अंत झाला, आणि १९८२ सालीं त्यांस संतपद मिळालें. हौशी बिनतारीवाले त्यांना आपले संरक्षक संत मानतात. ब्राझीलमधील फादर लांदेल द मोरा यांनीं १९०० सालींच साव पावलो शहरीं तारेवांचून माणसाचा आवाज पाठवून दाखविला होता, आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं मार्कोनी यांनीं उभारलेल्या व्हॅटिकन केंद्रावरून पोप अकरावे पायस सर्व जगाशीं बोलले, याहि गोष्टी ते सांगत. परंतु त्यांच्या विशेष आवडीचे म्हणजे काठमांडूचे फादर मोरन. हे अमेरिकन येशूसंघीय. १९५१ सालीं त्यांनीं काठमांडूजवळ गोदावरी येथें सेंट झेवियर शाळा काढली, आणि ९ एन्. १ एम्. एम्. या संकेतनामानें ते कित्येक वर्षें नेपाळांतून जवळजवळ एकटेच बोलत. जगांतील हजारों लोक त्यांच्याशीं दोन शब्द बोलण्यासाठीं रांग लावीत. बाबांनीं तो आवाज पुष्कळदां ऐकला, पण रांगेंत कधीं घुसले नाहींत. "जे लांबचे आहेत त्यांना बोलूं द्या, मीं ऐकलें, तेवढें मला पुरें," असें म्हणत. १९९२ सालीं फादर मोरन वारल्याचें कळलें तेव्हां त्यांनीं त्यांच्यासाठीं येथें मिस्सा सांगितली.

बाबांच्या कपाटांत 'निरोप्या'चे जुने अंक नीट बांधून ठेवलेले असत. हें मासिक फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं काढलें, हें आपण सर्व जाणतां. बाबा विनोदानें म्हणत, "मीहि निरोप्याच. त्या मासिकांत मजकूर तरी असतो. मी नुसताच निरोप्या." त्या विनोदाचा अर्थ आम्हांस फार उशिरां कळला. तोच आतां सांगतों.

१९९३ सालीं २९ सप्टेंबर रोजीं अनंत चतुर्दशी होती. बुधवार पेठेंत त्या रात्रीं कोणी झोंपत नाहीं. पहांटे, चारास थोडीं मिनिटें कमी असतां, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी व भोंवतालचीं अनेक गांवें दगडामातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. सकाळीं बातमी आली, आणि बाबा माडीवर गेले. गांवोगांवचें दळणवळण तुटलें होतें, आणि हौशी बिनतारीवाले आपलीं यंत्रें घेऊन तिकडे निघाले होते. एरवीं या परवान्यानें परक्यांचे निरोप नेण्याची मुभा नसते. आपत्काळाची गोष्ट वेगळी. पुणें त्या भागापासून अदमासें तीनशें किलोमीटरांवर. दिवसाच्या चाळीस मीटरच्या लहरी नेमक्या तेथवर पोंचतात. बाबा खालीं जेवावयासहि येत ना. आई ताट वर नेऊन ठेवी.

त्याच रविवारीं, म्हणजे ३ ऑक्टोबरला, आमच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला होता. तो पुढें ढकलावा असें बाबांनीं सुचविलें नाहीं. वरपक्ष बाहेरगांवाहून निघालेला होता. सकाळीं दहाची वेळ. बाबा पहांटेच सायकल घेऊन बाहेर पडले, आणि "वेळेवर येतों" एवढेंच सांगून गेले. दहा वाजले, अकरा वाजले. फादर येऊन बसले. वरपक्षाची मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलें. अखेर मामांनीं बापाच्या जागीं उभें राहून विधि उरकला. बाबा दीड वाजतां आले. सदऱ्यावर धूळ, चेहरा उतरलेला. त्यांनीं व्याह्यांची हात जोडून क्षमा मागितली. कारण सांगितलें नाहीं.

त्या संध्याकाळीं आम्ही तिघेंहि त्यांच्यावर तुटून पडलों. आमच्यांतील एकानें जें वाक्य उच्चारलें तें आम्ही तिघेंहि आपलें मानतों, कारण बाकीच्या दोघांनीं तें थांबविलें नाहीं. आम्ही म्हणालों, "तुम्हांला दूरचा आवाज ऐकूं येतो, बाबा, घरचा ऐकूं येत नाहीं." बाबांनीं आमच्याकडे पाहिलें. मग ते उठून माडीवर गेले. त्या गोष्टीचा त्यांनीं पुढें सोळा वर्षांत एकदांहि उल्लेख केला नाहीं. आम्हींहि केला नाहीं. प्रेम कमी झालें असें नव्हे. परंतु तें वाक्य घरांत राहिलें, आणि आम्ही सर्व त्याला वळसा घालून चालत असूं.

२००९ सालीं बाबा वारले. आजाऱ्यांचा संस्कार घेऊन, आईचा हात हातीं असतां, शांतपणें गेले. हौशी मंडळींत कोणी निवर्तला म्हणजे त्याची 'कळ मूक झाली' असें म्हणण्याचा प्रघात आहे. महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही माडी आवरावयास गेलों. नियमाच्या वह्या ओळीनें लावलेल्या होत्या. त्यांच्या मागें एक साधी, बांधणी सुटलेली वही होती. तींत १९९३ सालच्या त्या चार दिवसांत तिकडून आलेले निरोप लिहिलेले होते: कोणाचा, कोणाला, पुण्यांत पत्ता कोणता. सतरा निरोप होते. चौदांपुढें 'पोंचविला' असें लिहून वेळ घातलेली; तिघांपुढें 'पत्ता लागला नाहीं', आणि त्यांतील एकापुढें तें तीन वेगवेगळ्या तारखांस लिहिलेलें. सर्व नांवांवर शाईची जाड रेघ ओढलेली होती. एकहि नांव वाचतां येत नव्हतें. बिनतारीच्या परवान्यांत गुप्ततेचें बंधन असतें. बाबांनीं तें आपल्या मरणानंतरहि मोडूं दिलें नाहीं.

रविवार, ३ ऑक्टोबर. पहांटेपासून चार निरोप. शेवटचा बुधवार पेठेंतीलच एका खाणावळींत वाढप्याचें काम करणाऱ्या कोणा माणसास द्यावयाचा होता. मजकूर असा कीं, घर पडलें, सर्व गेले, धाकटी मुलगी तेवढी जिवंत आहे, दवाखान्यांत आहे, ताबडतोब यावें. पुढें वेळ: ९ वाजून २० मिनिटें. म्हणजे बाबा त्या वेळीं घरापासून चार गल्ल्या दूर होते, आणि साखरपुड्यास अजून चाळीस मिनिटें होतीं. त्याखालीं बाबांच्या बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या: 'मनुष्य एकटा. ऐकून उठतां येईना. त्याला एस्. टी. त बसवून मग निघालों. घरीं उशीर झाला.'

बंधुभगिनींनो, आम्ही ती वही घेऊन त्या खोलींत किती वेळ बसलों तें आम्हांस सांगतां येणार नाहीं. ज्या दिवशीं आमची धाकटी साखरपुड्यास बापाची वाट पाहत होती, त्या दिवशीं आमचा बाप दुसऱ्या एका बापास, तुझी धाकटी जिवंत आहे, असें सांगत होता. आणि एवढें सांगून निघून जाणें त्याच्यानें झालें नाहीं. आम्ही म्हणालों होतों कीं, तुम्हांस घरचा आवाज ऐकूं येत नाहीं. ऐकूं येत नव्हतें तें आम्हांस. धुळीनें भरलेला सदरा समोर होता, उतरलेला चेहरा समोर होता, आणि आम्हीं एकदांहि विचारलें नाहीं कीं, बाबा, काय झालें? आम्हीं कळ आधीं दाबली. कानोसा घेतलाच नाहीं.

अट पाळावयाची म्हणून दुसरी बाजूहि सांगतों. आम्हांस आजहि वाटतें कीं, बाबांनीं बोलावयास हवें होतें. नांव न सांगतां एवढें सांगतां आलें असतें कीं, एका दुःखी माणसाजवळ होतों. वरपक्षास कळलें असतें, बहिणीचे डोळे पुसले गेले असते, आणि सोळा वर्षांचें तें वळसा घालणें चुकलें असतें. गुप्ततेचें बंधन त्यांनीं कायद्याहून जास्त कडक करून घेतलें, कीं आमच्या शब्दांनीं ते दुखावले म्हणून गप्प राहिले, हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. जो उत्तम ऐकणारा असतो त्याला कधीं कधीं आपलें सांगतां येत नाहीं. म्हणून घरांतील असा जो कोणी असेल, त्याला विचारण्याचें काम इतरांचें असतें.

पवित्र शास्त्रांत बाळ शमुवेलाची गोष्ट आहे. रात्रीं त्याला हांक ऐकूं येई. एली याजक बोलावीत आहे असें समजून तो तीनदां धांवत गेला. हांक एलीनें मारली नव्हती, आणि एलीला ती ऐकूंहि आली नव्हती. पण ती कोणाची असावी हें त्या वृद्धानें ओळखलें, आणि उत्तर कसें द्यावयाचें तें मुलास शिकविलें. गुरु म्हणजे एवढेंच असावें काय, असें आमच्या मनांत येतें. हांक ज्याची त्याला येते. ती आल्यावर गप्प बसून ऐकावें कसें, हें वडिलांनीं शिकवून ठेवावयाचें.

आतां थोडक्यांत शेवट. परवाना माणसाच्या नांवाचा असतो. घरासारखा तो वारसाकडे येत नाहीं. प्रेषकयंत्र आम्हीं रीतसर कागद करून त्यांच्याच एका परवानाधारक विद्यार्थ्यास दिलें. सुट्या भागांचे डबे पासोड्या विठोबापाशीं नेले. तेथील एका वृद्ध दुकानदारांनीं ते पैसे देऊन घेतले, आणि एक कंडेन्सर आठवण म्हणून आम्हांस परत दिला. १५ जुलै २०१३ पासून देशांतील तारसेवाहि बंद झाली. बाबांनीं तें पाहिलें नाहीं, हें एका परीनें बरें झालें. तो वाडा पाडला गेला, आणि सहासष्ट फुटांची ती तार गुंडाळून आमच्या घरीं ठेवलेली आहे.

ज्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यास उशीर झाला, तिनें पन्नाशी उलटल्यावर पुस्तकें आणून अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि आज तिच्याजवळ स्वतःचें 'व्ही. यू.' संकेतनाम आहे. पहिल्या रात्रीं आम्ही तिघें पुनः एकत्र जमलों. यंत्र लावलें, दिवा पेटला. आम्हीं म्हटलें, बोल कांहीं तरी. तिनें मान हलविली आणि हेडफोन कानास लावून ती बराच वेळ नुसती ऐकत बसली.

या महोत्सवाच्या वर्षीं आपण देवळासाठीं घंटा, खिडक्या, बांक असें पुष्कळ कांहीं करणार आहों, आणि तें योग्यच आहे. आमची प्रार्थना एवढीच कीं, आपल्यांत जे निरोप पोंचवून मुकाट्यानें उशिरां घरीं येतात, त्यांना आपण आधीं एक प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. आमच्या बाबांच्या आत्म्यास, त्या अनोळखी माणसाच्या गेलेल्या कुटुंबास, आणि ज्यांचा पत्ता लागला नाहीं त्या तिघांस प्रभु चिरशांति देवो. आमेन.